अंगात की हातात?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "पंधरा-वीस मिनिटं बोल, विषय तुझ्या आवडीचा." मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर त्यांची अपेक्षा कृत्रिम बुद्धिमत्ता, परदेशातले अनुभव अशा कशाची तरी असणार. ते दोन्ही ओझरतं येईल, काळजी नसावी. पण आज मी बोलणार आहे इंग्रजीतल्या तीन चिमुकल्या शब्दांबद्दल. इन, ऑन आणि विथ. तेही फक्त कपड्यांच्या बाबतीत. कोणी काय घातलंय हे इंग्रजीत सांगताना यातला कोणता शब्द कुठे येतो आणि का येतो, एवढाच माझा विषय.

मागच्या रांगेतल्या मंडळींच्या चेहऱ्यावर "अरे देवा, पुन्हा ग्रामर" असं उमटलेलं मला इथून दिसतंय. पंचवीस-तीस वर्षांत चेहरे बदलले, पण तो भाव तसाच आहे. घाबरू नका, शेवटी प्रश्न विचारणार नाही.

आपण सगळे पाचवीत इंग्रजी शिकायला लागलो. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं, आपण त्याआधीचे. तोपर्यंत आपल्याला मराठीच्या विभक्ती तोंडपाठ झाल्या होत्या. सप्तमी : त, ई, आ. मग वहीच्या शेवटच्या पानावर आपण एक कोष्टक केलं होतं. 'त' म्हणजे इन, 'वर' म्हणजे ऑन, 'बरोबर' म्हणजे विथ. टेबलावर पुस्तक, पेटीत पेन, आईबरोबर मुलगा, इथपर्यंत ते कोष्टक चोख चालायचं. कपड्यांपाशी आलं की मोडायचं.

आठवून बघा. पायात बूट. कोष्टकाप्रमाणे 'शूज इन द फीट'. बाई म्हणायच्या, "ऑन." बोटात अंगठी? "ऑन." हातात बांगड्या? "ऑन." बरं, मग 'त' आला की ऑन म्हणू या. गळ्यात माळ? "राउंड." नाकात नथ? "इन." केसांत गजरा? तिथेही इन. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचं मत झालं की इंग्रजी ही लहरी भाषा आहे, तिच्यापुढे डोकं चालवायचं नसतं, पाठ करायचं असतं.

मला आज एवढंच सांगायचंय की ती लहरी नाही. ती एका वेगळ्या ठिकाणी उभी राहून माणसाकडे बघते. आणि ते ठिकाण कुठलं, हे कळायला लागणारी किल्ली आपल्या मराठीतच आहे.

आधी आपल्या घरची श्रीमंती बघू. आपण साडी नेसतो, शर्ट घालतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो, पदर घेतो, ओढणी घेतो, गजरा माळतो, चष्मा लावतो, टिकली लावतो, बांगड्या भरतो आणि जुन्या बायका दागिने लेत असत. परक्या माणसाने "मी साडी घातली" म्हटलं की आपल्या कानाला लगेच खटकतं. आता हल्लीच्या मुली सर्रास म्हणतात, ते सोडा. प्रत्येक वस्तू अंगावर कशी चढते, गुंडाळून, अडकवून, बांधून की टोचून, हे आपलं क्रियापदच सांगून टाकतं.

इंग्रजीत या सगळ्याला एक शब्द, वेअर. साडी वेअर, चष्मा वेअर, टिकली वेअर, अत्तरसुद्धा वेअर. इतकंच काय, तिथे माणूस दाढी वेअर करतो आणि चेहऱ्यावरचं हसूही वेअर करतो. त्यामुळे आपण भाषांतर करताना क्रियापद शोधायला जातो आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळाल्यावर सुटलो म्हणतो. पण बारकावा सुटलेला नसतो, त्याने फक्त जागा बदललेली असते. जे आपण क्रियापदात ठेवलं, ते इंग्रजीने त्या चिमुकल्या शब्दांत ठेवलं.

आता उभं राहण्याची जागा. आपण म्हणतो, अंगात शर्ट, पायात चप्पल, हातात बांगड्या. म्हणजे शरीर हे जणू घर आणि कपडा त्या घरात राहायला आलेला. शरीराचा अवयव ठरलेला, वस्तू त्यात. (आपल्या अंगात शर्टही असतो, तापही असतो आणि कधी कधी देवीही येते. अंगाची जागा मोठी आहे.) इंग्रजी वाक्य बहुतेक वेळा उलट्या बाजूने सुरू होतं. 'अ वुमन इन अ रेड सारी.' इथे कपडा हे घर आणि बाई त्यात. दोन्ही खरं आहे. शर्ट अंगात असतो आणि आपण शर्टात असतो. कोणाला आत धरायचं, एवढाच फरक.

हा उलटेपणा दुकानात फार गमतीशीर दिसतो. आपण दुकानदाराला म्हणतो, "यात निळा दाखवा." म्हणजे या कापडाच्या आत निळा रंग शोधा. इंग्रजीत म्हणतात, 'डू यू हॅव धिस इन ब्लू?' म्हणजे हे कापड निळ्या रंगाच्या आत आहे का. तोच दुकानदार, तीच गरज, आणि वाक्य बरोबर पालथं. "यात मोठा साइज आहे का?" हेही तसंच. इंग्रजीत ते 'धिस इन अ लार्जर साइज' होतं.

मग आपल्याकडे इंग्रजीसारखं बघणं अजिबात नाही का? आहे, आणि ती माझी किल्ली आहे. मराठीतला 'तला-तली-तलं'. लाल साडीतली बाई. निळ्या शर्टातला मुलगा. वर्तमानपत्रात रोज वाचतो तो 'साध्या वेशातील पोलीस'. 'गणवेशातील विद्यार्थी'. इथे आपणही माणसाला कपड्याच्या आत ठेवतो, अगदी इंग्रजीसारखं. साध्या वेशातील पोलीस म्हणजे 'इन प्लेन क्लोद्ज'. गणवेशातील म्हणजे 'इन युनिफॉर्म'.

आता हाच 'तला' दुसरीकडे लावून बघा. चष्म्यातली बाई? जमत नाही, आपण 'चष्मेवाली' म्हणतो. मिशीतला माणूस? मुळीच नाही, 'मिशीवाला'. छत्रीतला? छत्रीवाला. दोन वेण्यांतली मुलगी? दोन वेण्यांवाली. आणि या ठिकाणी इंग्रजीत काय येतं? विथ. 'विथ ग्लासेस', 'विथ अ मस्टॅश', 'विथ ॲन अंब्रेला', 'विथ टू प्लॅट्स'.

म्हणजे नियम एका ओळीचा. जिथे मराठीत 'तला' सहज येतो तिथे इन, जिथे 'वाला' येतो तिथे विथ. व्याकरणाच्या पुस्तकात हा असा लिहिलेला मला तरी आढळला नाही, पण शंभरातल्या नव्वद वेळा तो साथ देतो. कारण त्यामागे खरं कारण आहे. जे अंग झाकतं, ज्याच्या आत माणूस मावतो, ते इन. जे माणसाला चिकटलेलं, त्याच्याजवळ असलेलं, त्याची खूण झालेलं आहे, ते विथ.

उरलेल्या दहा वेळांचं काय? टोपी घ्या. आपल्याकडेही टोपीचं जरा संशयास्पदच आहे. 'पगडीतला फोटो' चालतो, पण टोपी म्हटलं की 'टोपीवाला'. शिवकाळानंतरच्या मराठी कागदपत्रांत युरोपीय लोकांना सरसकट 'टोपीकर' म्हटलेलं सापडतं, म्हणजे डोक्यावरची वस्तू हीच त्यांची ओळख. इंग्रजीतही टोपी दोन्ही दरवाजांनी येते. मुलांचं प्रसिद्ध पुस्तक आहे, १९५७ सालचं, 'द कॅट इन द हॅट'. तिथे इन. आणि डच चित्रकार व्हर्मीरचं एक चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याचं इंग्रजी नाव 'गर्ल विथ द रेड हॅट'. तिथे विथ. टोपी हा पोशाख मानला की इन, खूण मानली की विथ. चष्म्याबद्दलही कोणी इंग्रज 'इन ग्लासेस' म्हणताना ऐकू आला तर दचकू नका.

याच व्हर्मीरची आणखी दोन चित्रं शेजारी ठेवली तर आजचा सगळा धडा भिंतीवर टांगता येईल. एक, हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातलं जगप्रसिद्ध चित्र, 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग'. सुमारे १६६५ सालचं. दुसरं ॲम्स्टरडॅमच्या रायक्सम्यूझियममधलं, 'वुमन इन ब्लू रीडिंग अ लेटर'. ही इंग्रजी नावं नंतरची आहेत, पण ज्यांनी दिली त्यांचा कान बघा. मोत्याच्या आत मुलगी मावत नाही, म्हणून विथ. निळ्या रंगात बाई पूर्ण मावते, म्हणून इन. तिथे कपड्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही, नुसता रंग पुरला.

आता आपल्या जवळचं चित्र. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं, हातात समई धरून उभ्या असलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र तुमच्यापैकी अनेकांनी कॅलेंडरवर तरी पाहिलं असेल. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्याला इंग्रजीत 'वुमन विथ द लॅम्प' म्हणतात. इथेही विथ. पण थांबा. व्हर्मीरच्या मुलीचा मोती कानात आहे आणि हळदणकरांच्या स्त्रीचा दिवा हातात आहे. एक घातलेलं आणि एक धरलेलं, दोन्हीला शब्द एकच. म्हणजे विथ हा मोकळा शब्द आहे. वस्तू माणसाजवळ आहे इतकंच तो सांगतो. अंगात आहे की हातात, हे सांगत नाही.

मोत्याच्या किंवा दिव्याच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही, कोणी दिवा कानात घालत नाही. पण कोटाच्या बाबतीत बिघडू शकतं, आणि ते एकदा माझ्या डोळ्यांसमोर घडता घडता राहिलं. ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही डिसेंबरात लंडनमध्ये होतो. सासूबाई, माझे दीर आणि मी युस्टन स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. सासूबाईंचं वय तेव्हा शहात्तर, इंग्रजी 'थँक यू'पुरतं, आणि मोबाइल माझ्या पर्समध्ये. फलाट जाहीर झाला, गर्दी एकदम हलली, आणि गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघंच उरलो. सासूबाई नव्हत्या. पहिली पाच मिनिटं आम्हीच शोधलं. मग तिथल्या एका कर्मचारी बाईंकडे धावलो. तिने पहिला प्रश्न विचारला, "व्हॉट इज शी वेअरिंग?"

दीर घाबरलेले. आई हरवली की पन्नाशीचा माणूसही पाच वर्षांचा होतो. ते म्हणाले, "शी इज विथ अ ग्रे कोट." तिने वॉकीटॉकी तोंडाजवळ नेली, क्षणभर थांबली आणि विचारलं, "इज शी वेअरिंग इट, ऑर कॅरिइंग इट?" कोट अंगात आहे की हातात?

प्रश्न अगदी रास्त होता. स्टेशनच्या आत उकडत होतं, म्हणून सासूबाईंनी अर्ध्या तासापूर्वीच कोट काढून हातावर टाकला होता. दिरांचं वाक्य खोटं नव्हतं, कोट त्यांच्याजवळ होताच. पण ते वाक्य तसंच पुढे गेलं असतं तर त्या अफाट स्टेशनात चार माणसं राखाडी कोट घातलेली म्हातारी बाई शोधत फिरली असती. डिसेंबरातल्या लंडनमध्ये राखाडी कोटातल्या म्हाताऱ्या किती असतात, ते सांगायला नको. आणि हिरव्या साडीतली बाई त्यांच्या शेजारून गेली असती तरी त्यांनी वळून बघितलं नसतं.

त्या वेळी मला आपल्या वर्तमानपत्रांतल्या 'हरवले आहेत'च्या जाहिराती आठवल्या. त्यांची एक पद्धत असते. वय, रंग, बांधा, मग अंगात अमुक, डोक्याला तमुक, पायात चप्पल. वरून खाली, प्रत्येक वस्तू आपापल्या अवयवाला बांधलेली. मी त्याच पद्धतीने सांगत गेले. 'ॲन एल्डर्ली लेडी, इन अ ग्रीन सारी.' हिरव्या साडीत. 'विथ अ मरून स्वेटर ओव्हर इट.' साडीवर मरून स्वेटर. 'अ व्हाइट स्कार्फ राउंड हर हेड.' डोक्याला पांढरा स्कार्फ. 'अ ग्रे कोट ओव्हर हर आर्म.' हातावर राखाडी कोट. 'व्हाइट ट्रेनर्स ऑन हर फीट.' पायात पांढरे बूट. ती बाई वॉकीटॉकीवर तसंच्या तसं बोलत गेली. एकाही वाक्यावर तिने पुन्हा काही विचारलं नाही.

दहा-बारा मिनिटांत पलीकडून आवाज आला, "लेडी इन द ग्रीन सारी" सापडली आहे. सासूबाई एका दुकानासमोरच्या बाकावर शांत बसल्या होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "कुठे गेला होतात तुम्ही?"

मित्रांनो, शाळेत इन-ऑन-विथला अर्धा-अर्धा मार्क असायचा. पाच गाळलेल्या जागांचे अडीच मार्क. कोणी काय घातलंय हे सांगण्याला आपण वर्णनाचा, निबंधाचा मामला समजतो. पण मुळात ते कशासाठी असतं? गर्दीतून एक माणूस वेगळा काढण्यासाठी. समोरच्याने आपल्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, आणि आपल्या दहा-वीस शब्दांवरून त्याने त्याला ओळखायचं आहे. त्या वेळी हे अर्ध्या मार्कांचे शब्द फार मोठं काम करतात.

आता ऑनकडे जाऊ, कारण त्याच्यात आपल्याला एक खास खड्डा आहे. हातात घड्याळ. मराठीत याचे दोन अर्थ होतात, मनगटाला बांधलेलं किंवा मुठीत धरलेलं. संदर्भावरून आपल्याला बरोबर कळतं. इंग्रजीत 'अ वॉच इन हिज हँड' म्हटलं की घड्याळ मुठीत गेलं. बांधलेलं असेल तर 'ऑन हिज रिस्ट'. 'बँगल्स इन हर हँड' म्हणजे बांगड्या काढून हातात घेतल्यात, घातलेल्या असतील तर 'ऑन हर रिस्ट्स'. 'अ रिंग इन हर हँड' म्हणजे अंगठी तळहातावर आहे, अजून बोटात गेलेली नाही. लग्न लागायचं असेल तर ती 'ऑन हर फिंगर' जायला हवी. म्हणजे आपल्या अवयवाचा 'त' इंग्रजीत जवळजवळ नेहमी ऑन होतो. इन राहतो तो कुठे? जिथे वस्तू खरोखर आत शिरते तिथे. नथ नाकातल्या छिद्रातून जाते, गजरा केसांत खोवला जातो, म्हणून इन. आता बाईंचं ते वहीतलं 'नथ इन, अंगठी ऑन' लहरी वाटतं का?

याच ऑनचं दुसरं रूप. आपण म्हणतो, "ही साडी तुला छान दिसते." 'तुला' हा किती सुंदर प्रत्यय आहे! इंग्रजीत 'इट लुक्स गुड ऑन यू'. उलट, साडी विसरून माणसाबद्दल बोलायचं असेल तर 'यू लुक गुड इन इट'. साडीचं कौतुक असेल तर ऑन यू, बाईचं कौतुक असेल तर इन इट. सभागृहातल्या नवरेमंडळींनी हा फरक लिहून घ्यावा.

आणि आपला 'वर'. साडीवर स्वेटर, हा 'वर' म्हणजे ओव्हर. पण पैठणीवर नथ, किंवा "त्या साडीवर हे कानातले घाल", हा 'वर' तो नव्हे. कानातले साडीवर ठेवायचे नसतात, साडीला जुळवायचे असतात. तिथे इंग्रजीत विथ येतो. 'दोज इअरिंग्ज विथ दॅट सारी.' जीन्सवर कुर्ता, तोही विथ. म्हणजे विथ दोन वस्तूंची जोडी लावायलाही येतो. एक 'वर' आणि त्याची दोन कामं. आपल्याला ती कधी वेगळी करावी लागली नाहीत, कारण साडीवरचा स्वेटर आणि साडीवरचे कानातले यांत मराठी माणसाचा घोटाळा होणं शक्यच नाही.

माणसाचा होत नाही, यंत्राचा होतो. इथे माझं काम ओझरतं येतं. मी ज्या विभागात आहे तिथे फोटोंच्या वर्णनांशी रोजचा संबंध येतो. दृष्टिहीन व्यक्ती कॉम्प्युटर वापरतात तेव्हा पडद्यावरचा मजकूर एक प्रोग्रॅम वाचून दाखवतो. फोटो आला की त्यामागे लिहिलेलं वर्णन वाचतो. असं वर्णन असलंच पाहिजे, हे इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १९९९ सालीच मार्गदर्शक तत्त्वांत घातलं आहे. आता ही वर्णनं बऱ्याचदा यंत्र लिहितं. ते शिकतं माणसांनी लिहिलेल्या वर्णनांवरून. असा एक प्रसिद्ध संग्रह आहे, फ्लिकर थर्टी के नावाचा. त्यात ३१ हजारांहून जास्त फोटो आणि प्रत्येक फोटोला पाच वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली पाच वाक्यं. त्या वाक्यांत 'इन' किती येतो, हे मोजायला लागलं की आपण किती कपड्यांवरून माणसं ओळखतो ते कळतं.

यंत्राची पंचाईत कशी होते बघा. 'अ मॅन विथ अ डॉग इन अ रेड कोट.' लाल कोट कोणाच्या अंगात? माणसाच्या की कुत्र्याच्या? इंग्रजी वाक्यावरून सांगता येत नाही. परदेशात कुत्र्यांनाही कोट असतात, त्यामुळे शंका खरी आहे. तेच मराठीत सांगा. 'लाल कोटातला माणूस' किंवा 'लाल कोटातलं कुत्रं'. आपला 'तला' ज्याच्याबद्दल आहे त्याचं लिंग घेऊन उभा राहतो. कोट कोणाचा, हे तो एका मात्रेत सांगतो. हे मी एकदा ऑफिसमध्ये फळ्यावर लिहून दाखवलं, तेव्हा माझे वेगवेगळ्या देशांतले सहकारी बराच वेळ त्या 'ला' आणि 'लं'कडे बघत बसले होते. आपल्या शाळेत शिकलेलं मराठी व्याकरण त्या दिवशी पगाराच्या कामाला आलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या या स्मरणिकेचा आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. त्यांना आईबाबा फोटोत सापडावेत म्हणून जुन्या फोटोंखाली इंग्रजीतही ओळी असाव्यात असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. आपल्या दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो घेऊन बसले. पहिली ओळ लिहायला गेले, 'इन अ व्हाइट शर्ट', आणि थांबले. सगळेच पांढऱ्या शर्टात. 'इन अ ब्लू स्कर्ट', सगळ्याच निळ्या स्कर्टात. गणवेशाच्या फोटोत इन निकामी आहे. तो फक्त शिक्षकांना लागू पडला. 'इन अ कॉटन सारी', आपल्या इंग्रजीच्या बाई. 'इन अ सफारी', पीटीचे सर. एकाच ओळीत दोघं सापडले.

आपल्या पन्नास-साठ जणांसाठी मग विथच कामाला आला. विथ टू प्लॅट्स अँड रेड रिबन्स, जिच्या रिबिनी नेहमी घट्ट असायच्या. विथ थिक ग्लासेस, जो फळ्यावरचं वाचायला पहिल्या बाकावर बसायचा आणि आज डोळ्यांचा डॉक्टर आहे. विथ हिज आर्म इन अ स्लिंग, जो आदल्या आठवड्यात कबड्डीत पडला होता. (इथे हात झोळीत आहे, म्हणून हाताला इन.) विथ अ रोज इन हर हेअर, जिने गणवेशावर फूल चालत नाही हा नियम शेवटच्या दिवशी मोडला आणि बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. ती ओळ लिहिताना मला कळलं की बाईंनी ते मुद्दाम केलं होतं.

गणवेश यासाठीच असतो, की डॉक्टरचा मुलगा आणि हमालाची मुलगी एकाच 'इन'मध्ये बसावीत. आपल्या शाळेने ते केलं. आणि त्याच वेळी प्रत्येकाचा 'विथ' काय आहे, कोणाचा चष्मा बदलायला झालाय, कोणाच्या पायात चप्पल नाही, कोणी दोन दिवस तोच डाग असलेला शर्ट घालून येतंय, हे आपल्या शिक्षकांच्या नजरेतून सुटत नसे. चप्पल नसलेल्याच्या पायात पुढच्या सोमवारी चप्पल यायची, आणि ती कोणी दिली हे वर्गाला कधी कळायचं नाही. हे इथे बसलेल्यांपैकी काहींना माहीत आहे. मी नावं घेत नाही.

ज्यांची मुलं आज मराठी शाळेत शिकताहेत किंवा जे स्वतः शिकवताहेत, त्यांना एक विनंती. इंग्रजीचा असा अडलेला प्रश्न मुलं घेऊन आली की "पाठ कर" म्हणायच्या आधी त्यांना मराठीत विचारा, ते कसं म्हणशील? साडीतली की साडीवाली? हातात म्हणजे धरलेलं की घातलेलं? उत्तराची अर्धी वाट तिथेच सापडते. मराठी माध्यमात शिकलो म्हणून इंग्रजीत मागे पडलो, हे ओझं आपल्यातल्या अनेकांनी बरीच वर्षं वाहिलं. ते पुढच्या पिढीच्या खांद्यावर नको. दोन भाषा शेजारी ठेवून बघता येणं ही कमाई आहे, आणि ती आपल्याला या वर्गांमध्ये मिळाली.

फोटोखालच्या ओळी स्मरणिकेत वाचालच. कोणाला आपला 'विथ' पटला नाही तर जेवणाच्या वेळी येऊन सांगा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू. बाई, गाळलेल्या जागा तुम्ही आमच्याकडून इतक्या वेळा भरून घेतल्यात, त्याबद्दल सगळ्यांच्या वतीने तुमचे आभार मानते.